सायडिंगवरची हजेरी

सायकल मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, आणि तीसुद्धा रेल्वेच्या लाइनीवर. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या गुडघ्यांकडे बघतात. बघू देत. लाइनीवर म्हणजे आता तिथं रूळ नाहीत. खरवईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला पूर्वी खडीची खाण होती. तिथली खडी मेन लाइनीवर न्यायला एक फाटा टाकला होता, त्याला रेल्वेवाले सायडिंग म्हणतात. खाण बंद पडली, रूळ लिलावात गेले, त्यांच्याखालचे लाकडी स्लीपर कुणाच्या गोठ्यात तर कुणाच्या कुंपणात जाऊन उभे राहिले. मागे उरला तो मातीचा भराव आणि त्यावर माणसांच्या नि गुरांच्या पायांनी पडलेली वाट. शनिवार-रविवारी बदलापूरची पोरंपोरी हेल्मेटं घालून तिथं सायकली दामटतात. ती तिला ट्रेल म्हणतात. वाडीवरचे लोक शायडिंग म्हणतात. आमच्या घरात मात्र अजून 'लाइन'च म्हणतात, आणि त्याला कारण आमचे हे.

हे म्हणजे माझे यजमान. रेल्वेत चावीवाले होते. रूळ स्लीपरला धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. चावीवाल्यानं रोज आपल्या वाट्याची लाइन चालत जायची, एकेक चावी बघायची, सैल दिसली की घण मारून बसवायची. खांद्यावर घण आणि पाना, हातात लाल-हिरवे झेंडे. तेहतीस वर्षं हा माणूस दुसरं काही न करता चालला. त्यातली काही वर्षं ही सायडिंगही त्यांच्याच वाट्याला होती. त्यामुळे ह्यांचं पाऊल स्लीपरच्या मापाचं झालंय, कमी नाही की जास्त नाही. भाजीबाजारातसुद्धा त्याच मापानं चालतात आणि मी पिशव्या घेऊन मागे धावते. अहो, जरा हळू, म्हटलं तर थांबतात, मागे बघतात, आणि पुन्हा तेच.

तेव्हा आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहायचो. मी घरी उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांचं शिलाईकाम करायची, पायमशीनवर. ह्यांचे पाय लाइनीवर चालले आणि माझे जागच्या जागी. झिजले मात्र माझे. रिटायर झाल्यावर ह्यांनी खरवईला फ्लॅट बघितला. म्हणाले, हवा चांगली आहे, पाणी चांगलं आहे, मुंबईच्या मानानं शांत आहे. मी पण भोळी, खरं मानलं. राहायला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे हे गायब. दीड तासानं घामाघूम होऊन परत आले, बुटांना लाल माती, आणि चेहरा असा की जणू माहेरी जाऊन आले. तेव्हा मला कळलं की आपण हवेसाठी नाही, सायडिंगसाठी इथं आलोय. चांगले आठ दिवस बोलले नाही मी.

सायकलचं डॉक्टरनं सांगितलं. गुडघ्यांवर वजन टाकू नका, जिने टाळा, फार चालू नका, पण सायकल चालवा. मी म्हटलं, डॉक्टर, मला सायकल येत नाही. तो म्हणाला, मग शिका. एवढा सोपा सल्ला मला त्या आधी कुणी दिला नव्हता. उल्हासनगरला ज्या दुकानातून मी वर्षानुवर्षं मशीनचं सामान घेतलं, त्याच्या शेजारी सायकलींचं दुकान आहे. तिथला सिंधी शेठ मला पूर्वीपासून अदी म्हणतो. अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. मी त्याला म्हटलं, मला सायकल पाहिजे. तो म्हणाला, "अदी, नातीसाठी?" मी म्हटलं, "नाही, माझ्यासाठी." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि सगळ्यात बुटकी, पुढे जाळी असलेली सायकल काढली. ह्यांनी वाकून तिचा एकेक नट तपासला. दुकानदाराचा पोऱ्या बघतच राहिला.

शिकवायला अर्थात हेच. जागाही ह्यांनीच ठरवली. म्हणाले, रेल्वेची लाइन कशीही जाऊ दे, तिला एकदम चढ नसतो, एकदम उतार नसतो. इंजिनाला जमत नाही म्हणून ती सपाट बांधतात. तुझ्या गुडघ्यांचं नि इंजिनाचं एकच. मी म्हटलं, इंजिन म्हणताय का मला? ते म्हणाले, मालगाडीचं.

माझं चालणं बंद आणि ह्यांचं बोलणं सुरू, असे ते दोन महिने गेले. मागून सीट धरायचे आणि भरावावरून माझ्याबरोबर त्याच स्लीपरच्या पावलानं चालायचे. समोरून गुरं आली की "कॉशन!", मोकळी वाट असली की "राइट आहे, सोड". एकदा मी भरावावरून खाली बाभळीत गेले, तर वरून म्हणतात, डिरेल झाली. मी काटे काढत बसले होते आणि हा माणूस वर उभा राहून पोट धरून हसत होता. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की उद्यापासून येणार नाही. दुसऱ्या दिवशी गेले. ज्या दिवशी मला कळलं की मागे कुणी धरलेलंच नाही आणि हे तिकडे लांब हात मागे बांधून उभे आहेत, त्या दिवशी मी इतकी खूश झाले की ब्रेक लावायचा विसरले.

भांडण झालं ते अप आणि डाउनवरून. तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

रेल्वेवाल्यांच्या घरात डावं-उजवं नसतं, अप आणि डाउन असतं. मुंबईकडे ते अप, कर्जतकडे ते डाउन. चाळीत आमची मोरी अपला होती आणि देवघर डाउनला. माझा मुलगा पाळण्यातून डाउनला पडला होता. लग्न होऊन आले तेव्हा हसायला यायचं, मग मीही तसंच बोलायला लागले. आता ही सायडिंग कशी आहे, की मेन लाइनीतून ती फुटते वांगणीच्या अंगाला, आणि वळसा घेऊन उलट्या तोंडानं खाणीकडे जाते. घाटातल्या लाइनीला खडी लागायची म्हणून तशी काढली. त्यामुळे खाणीच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं तर मुंबई समोर येते. मी सहज म्हटलं, चला, आज अपला खाणीपर्यंत जाऊ. झालं! हे थांबले.

"खाण डाउनला आहे. सायडिंगचं वेगळं असतं. मेन लाइनीकडे जाणं म्हणजे अप."

"मुंबई तिकडं आहे ना? मग तिकडं अप."

"मुंबईचा संबंध नाही. मेन लाइनीचा आहे."

"आयुष्यभर मुंबई-मुंबई केलंत आणि आता मुंबईचा संबंध नाही?"

"अगं, नियम आहे तो."

"असेल रेल्वेचा. माझा नाही."

असं बराच वेळ चाललं. मी काही मानलं नाही. मी मानत नाही, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनीही सोडलं नाही. पुढे ते खाणीला डाउन म्हणायचे आणि मी अप म्हणायची, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळायचं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

आता साखरेचं. ह्यांना डायबेटिस जुना, इंजेक्शन घ्यावं लागतं. इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर साखर खाली उतरते. उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि वेळेत गोड दिलं नाही तर बेशुद्ध. पुढचं डॉक्टरनं सांगितलं आणि मी ऐकलं, इथं लिहीत नाही. एकदा घरात तसं झालं होतं. तेव्हापासून खिशात खडीसाखरेची डबी. डबीसुद्धा रेल्वेची. धुक्यात गाडीला इशारा द्यायला रुळावर लावायचे फटाके असतात, ते ठेवायची पत्र्याची गोल डबी. नोकरी सुटली, डबी राहिली. डॉक्टर म्हणायचा ग्लुकोजची पावडर ठेवा, ती चटकन लागते. पण ह्यांना खडीसाखरच पाहिजे. कारण काय, तर म्हणे आयुष्यभर खडी तुडवली, आता खडीसाखर. हा विनोद त्यांनी डॉक्टरला दोनदा आणि मला दोनशेदा सांगितलाय.

त्या पहिल्या वेळी दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, पेशंटचं नाव? मी रेशनकार्ड पुढे केलं. ती म्हणाली, काकू, बोला ना नुसतं. मी म्हटलं, लिहिलंय त्यात, वाच. नाव घ्यायला माझी जीभ उचलत नाही, काय करू? लग्नात उखाण्यात घेतलं, नंतर हळदीकुंकवाला बायकांनी अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं, तेवढंच. मोकळं, नुसतं, हाक मारून कधी नाही. घरात अहो, बाहेर आमचे हे. माझी सून नवऱ्याला नावानं हाक मारते, नावाचे तुकडे करून मारते, मला काही वाटत नाही. तिचं तिला शोभतं. माझ्या तोंडात ते नाव कसं येईल, हे मला खरंच माहीत नव्हतं.

मुलगा पुण्याला असतो. त्या प्रकारानंतर तो म्हणाला, बाबांचं एकट्यानं फिरणं बंद. सोसायटीच्या बागेत फिरा म्हणावं. मी म्हटलं, तूच सांग. त्यानं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घातले.

तो दिवस गौरी-गणपती नुकतेच होऊन गेल्याचा. पाऊस ओसरला होता, भरावाच्या दोन्ही बाजूंना गवत खांद्याएवढं झालं होतं. माझा एक गुडघा सुजला होता म्हणून मी सायकलवर जाणार नव्हते. ह्यांनी इंजेक्शन घेतलं, मी पोहे केले, ताटली पुढे ठेवली. खाता खाता म्हणाले, परवाच्या पावसानं मेन लाइनीकडच्या मोरीपाशी भराव खचलाय, बघून येतो. मोरी म्हणजे भरावाखालून पाणी जायला बांधलेली दगडी वाट. मला कुठून सुचलं कोण जाणे. गुडघा ठणकत होता, त्याचा राग. मी म्हटलं, "रूळ उपटून नेले, गाडी येऊन वर्षं झाली, आता कोणासाठी बघून येताय? कोण पगार देतंय तुम्हाला?"

हे उलटून बोलले असते तर बरं होतं, आम्हाला भांडायची सवय आहे. ताटली सरकवली. दोन घास खाल्ले असतील नसतील. बूट घातले, काठी घेतली आणि गेले. मी मुद्दाम दाराकडे बघितलं नाही. अर्ध्या तासानं ताटली उचलायला गेले तर ताटलीशेजारी ती पत्र्याची डबी.

पाचावर धारण बसली माझी. घड्याळात बघितलं, इंजेक्शन घेऊन पाऊण तास होऊन गेला होता. फोन लावला. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा उचलला. आवाज जड, जीभ अडकत होती.

"कुठं आहात?"

"अपला... अपला बसलोय. बाजूला झालोय. गाडी जाऊ दे, मग येतो."

"कसली गाडी?"

"येतेय ना," म्हणाले, आणि मग नुसता खरखराट. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

मी डबी आणि पाण्याची बाटली सायकलच्या जाळीत टाकली. सुजलेल्या गुडघ्यानं पॅडल मारताना डोळ्यांत पाणी आलं, ते गुडघ्याचं होतं असं तेव्हा स्वतःला सांगितलं. गावचा रस्ता सायडिंगला जिथं आडवा जातो, तिथं पूर्वी फाटक होतं. फाटकाचा एक खांब अजून आहे. तिथं पोचले आणि वळले. कुठं? अपला. माझ्या अपला! मुंबईच्या दिशेला, खाणीकडे.

आता लिहितानासुद्धा मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. सकाळीच म्हणाले होते, मेन लाइनीकडची मोरी. पण डोक्यात मोरी नव्हती, डोक्यात तो शब्द होता. अप म्हणजे मुंबई. तीस-पस्तीस वर्षं घरात जे बोललो, तेच पायांनी ऐकलं. गुडघ्याला शिव्या देत मी दामटत राहिले. दोन्ही बाजूंना गवत बघत होते, अहो, अहो म्हणून हाका मारत होते. एक सायकलवाला मुलगा समोरून आला, त्याला वाटलं त्यालाच हाक मारतेय. म्हणाला, "हां आंटी, बोलिए?" मी त्याला म्हटलं, तू नाही रे बाबा, आमचे हे. तो बिचारा काय समजणार? "इकडे एक म्हातारे गृहस्थ दिसले का, पांढरी टोपी?" तो नाही म्हणाला आणि गेला. मी तरी पुढेच गेले. एवढा पोरगा, त्याचं लक्ष असतं का, असं वाटलं.

खाणीच्या अलीकडे वाडीवरची एक बाई गवताचा भारा बांधत होती. ती आम्हाला ओळखते, ह्यांना बाबा म्हणते, श्रावणात रानभाज्या आणून देते. मला बघून उभी राहिली.

"बाबा दिसले का गं?" मी विचारलं.

"बाबा आज इकडं आलाच नाय," ती म्हणाली. "मी उजाडल्यापासून इथंच हाय. माणूस काय, कुत्रं नाय आलं."

मी सायकलवरून उतरले. उतरले कसली, सायकल पडली आणि मी उभी राहिले. आणि मग ऐकू आलं मला. स्पष्ट. मेन लाइनीकडे जाणं म्हणजे अप. मुंबईचा संबंध नाही. ज्या दिवशी भांडलो त्या दिवशीचा आवाज जसाच्या तसा. मी उलट्या दिशेला आले होते. अर्धशुद्धीत सुद्धा त्या माणसानं नियमानं सांगितलं होतं, आणि मी पूर्ण शुद्धीत चुकले होते.

त्या बाईला मी काय सांगितलं आठवत नाही. "साखर उतरलीय, मोरीकडं" असं काहीतरी. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी येते." आणि भारा तिथंच टाकून माझ्यामागे पळत निघाली. परतीची वाट मला आठवते ती फक्त दगडांची. वाटेत सगळीकडे खडी, चाक घसरत होतं, आणि मी मोठमोठ्यानं बोलत होते. देवाशी नाही, ह्यांच्याशी. थांबा हं, आलेच, खाऊ नका काही, म्हणजे खा, काहीही खा, गवत खा. असलं काहीतरी. खांब मागे पडला. पुढे अर्धा-पाऊण किलोमीटरवर ती मोरी.

मोरीपाशी कुणी नाही. भरावाचा कडा खरंच खचला होता, ओली माती दिसत होती. खाली दोन्हीकडे गवत, गवत आणि गवत. वाऱ्यानं हललं तरी माणूस हलल्यासारखं वाटायचं. मी हाक मारली. अहो! पुन्हा मारली. अहो, ऐकताय का? घसा फुटेपर्यंत ओरडले. अहो म्हणजे कोण? कुणीही. रस्त्यावरचा भाजीवाला अहो, बँकेतला कारकून अहो, मघाचा सायकलवाला अहो. जगातल्या सगळ्या पुरुषांना मी हाका मारत होते आणि त्यातला एकही ओ देत नव्हता.

मग मी नाव घेतलं.

पहिल्यांदा तोंडातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा निघालं. आणि एकदा निघाल्यावर मी अर्धं नाही घेतलं, सगळं घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जसं रेशनकार्डावर आहे तसं, जसं रोज सकाळी टूल-रूमवर त्यांचा मुकादम गँगची हजेरी घेताना मोठ्यानं पुकारायचा, तसं. कंबरेवर हात ठेवून, सबंध खरवईला ऐकू जाईल एवढ्यानं.

"हजर!"

खालून, मोरीच्या तोंडातून आवाज आला. बारीक होता, पण कडक होता. बायकोला देतात तसला ओ नाही, साहेबाला देतात तसला. मी भरावावरून बसून घसरत खाली गेले, साडी कुठं अडकली कुठं फाटली बघितलं नाही. मोरीच्या तोंडाशी दगडाला टेकून बसले होते, पाय जवळ घेऊन, काठी आडवी छातीशी धरून. गाडी जाताना लाइनीवरची माणसं जशी अंग चोरून बाजूला बसतात, तसे. शर्ट घामानं चिंब. डोळे उघडे होते, पण मी त्यांना दिसत नव्हते.

"गाडी गेली का?" त्यांनी विचारलं.

सकाळी ह्याच तोंडानं मी म्हटलं होतं की गाडी येऊन वर्षं झाली.

"गेली," मी म्हटलं. "आत्ताच गेली. तोंड उघडा."

डबीतली खडीसाखर म्हणजे मोठमोठे खडे. ते चावणं त्यांना जमणार नव्हतं, घशात अडकले असते. तिथंच पडलेला खडीचा एक दगड उचलला, डबीच्या झाकणात साखर ठेवून ठेचली, आणि चिमूट चिमूट गालाच्या आत लावत राहिले. वर घोट-घोट पाणी. घाईत अर्धी साखर त्यांच्या शर्टावर सांडली. एवढ्यात वाडीवरची बाई येऊन पोचली. ती त्यांच्या पाठीमागे बसली आणि त्यांना धरून राहिली, कारण मला दोन्ही धरता येत नव्हतं, त्यांना आणि स्वतःला. मी रडत होते, हे ती पुढे सांगते म्हणून मला माहीत. दहा मिनिटं गेली असतील. मग ह्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट, ओळखून, आणि म्हणाले, "तुझा गुडघा दुखतोय ना? कशाला आलीस?"

मी इतकी चिडले की काय सांगू. त्या चिडण्यात जेवढा आनंद होता तेवढा मला आयुष्यात दुसऱ्या कशात झाला नाही.

डॉक्टरनं इंजेक्शनचं प्रमाण बदललं, आणि पोटभर नाश्ता झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही असं बजावलं. मुलाचा फोन आला. तो म्हणाला, आता तरी बंद करा ते फिरणं. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, आई, तूच तर त्यांना ओरडायचीस. मी म्हटलं, मी ओरडते, तो माझा हक्क आहे, बंद करणं हा माझा हक्क नाही. मग मी सांगितलं की हे पुढे चालतील आणि मी मागून सायकलवर, आणि डबी माझ्या जाळीत एक, त्यांच्या खिशात एक. मुलाला मी सगळं सांगितलं, फक्त ते हाक मारल्याचं सांगितलं नाही.

ह्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. पोहे आठवतात, बूट घातले ते आठवतं, मग एकदम मी दिसले. मला वाटलं, चला, सुटले. पण वाडीवरची ती बाई पंधरा दिवसांनी कंटोळी घेऊन आली आणि दारातच ह्यांना म्हणाली, "बाबा, त्या दिवशी ताईनं तुमचं नाव काय पुकारलं! आमच्या वाडीपर्यंत ऐकू आलं आसंल." मी आत कंटोळी निवडायला घेतली आणि मान वर केली नाही. ह्यांनी तिला चहा दिला, तिला सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडून आले, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. दोन दिवस नाही, चार दिवस नाही. जेवताना एकदा फक्त म्हणाले, "खाण कुठल्या बाजूला आहे गं?"

"डाउनला," मी म्हटलं. आणि भाजी वाढली.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं. सकाळी नाश्ता होतो, मी सायकल जिन्याखालून बाहेर काढते. हे बूट घालतात, काठी घेतात, डबी खिशात टाकतात, आणि दारात उभे राहतात. मी म्हणते, अहो, चला. हलत नाहीत. छताकडे बघतात. खिसा चाचपतात. पहिल्या दिवशी मला वाटलं काही विसरले. मग लक्षात आलं, आणि मी लाजेनं लाल झाले, ह्या वयात. म्हटलं, वेडे आहात का, शेजारी ऐकतील. तरी हलेनात.

आता रोज मी आधी जिन्यात वर-खाली बघून घेते. कुणी नसलं की मग हळूच, अगदी त्यांच्यापुरतं, हजेरी घेते. ते हजर म्हणतात, आणि आम्ही निघतो.